आधी प्रत, मग पसारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

या वेळचं पत्र एका अनुवादक बाईंचं आहे. त्या घरून काम करतात. गेल्या १४ वर्षांचे सगळे मेल त्यांच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. त्यात ग्राहकांचे मसुदे, करार, पावत्या आहेत, आणि चार वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांनी वेळोवेळी पाठवलेले मेलही आहेत. एकट्या इनबॉक्सची फाइल ११ जीबीची झाली आहे. प्रोग्रॅम उघडायला कितीतरी मिनिटं लागतात, मध्येच अडकतो. 'फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का?' असं तो अधूनमधून विचारतो, आणि शब्द अनोळखी म्हणून त्या दर वेळी 'नाही' म्हणतात. गेल्या महिन्यात इनबॉक्स उघडला तर यादी साफ रिकामी. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सगळं परत दिसलं, पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला आहे. घाबरून त्यांनी सहा हजार जुने मेल पुसले. जागा मोकळी व्हायची सोडून उलट आणखी भरली. भाचा म्हणतो, 'मावशी, दोन वर्षांपूर्वीचं सगळं उडवून टाक. सर्व्हरवर असतंच की.' त्या विचारतात, 'उडवू का? हे माझ्या बेशिस्तीमुळे झालंय, ते मला कळतं. पण बाबांचे मेल गेले तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.'

नमस्कार,

सर्वांत आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत, आणि त्यानंतरही मेलची एक प्रत तुमच्या हातात येईपर्यंत, काहीही पुसू नका. तो कॉम्पॅक्टचा प्रश्न पुन्हा आला तर आणखी थोडे दिवस 'नाही'च म्हणा. पुढे त्याला 'हो' म्हणायचं आहे, पण त्याची वेळ आल्यावर.

पत्रातला 'बेशिस्त' हा शब्द मला लागला. १४ वर्षं तुम्ही काम केलंत, माणसांशी बोललात, कागद जपलेत. ते साचणारच. आणि ११ जीबी हा आकडा आजच्या डिस्कच्या मानाने काही फार नाही, फोनवर काढलेले दोन-तीन तासांचे व्हिडिओ तेवढी जागा सहज खातात. 'जुनं उडवू का' या प्रश्नामागे तुम्ही असं धरून चालला आहात की मेल कमी झाले की धोकाही कमी होईल. मला तसं वाटत नाही. पाच जीबीची एकुलती एक फाइल एका रात्रीत जाऊ शकते. तेच पन्नास जीबी तीन वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर लॅपटॉप पाण्यात पडला तरी तुमचं काही जात नाही. तुमचं दुखणं हे आहे की सगळं एकाच फाइलमध्ये आहे आणि त्या फाइलची दुसरी प्रत नाही. ती हळू चालते, हा त्रास आहे खरा, पण तो नंतरचा.

त्या दिवशी यादी रिकामी का दिसली, हे कळलं की निम्मी भीती जाईल. थंडरबर्डमधलं प्रत्येक फोल्डर म्हणजे डिस्कवरची मजकुराची एक लांबलचक फाइल असते. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात आणि ती फार जुनी आहे. जमाखर्चाच्या वहीत नोंदीखाली नोंद करत जावं तसा तिथे मेलखाली मेल लिहिलेला असतो. प्रत्येक मेलच्या आधी 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते, तीच दोन मेलमधली सीमा. नवा मेल आला की वहीच्या शेवटी उतरवला जातो. आता एवढी मोठी वही दर वेळी पहिल्या पानापासून चाळणं कोणालाच परवडणार नाही, म्हणून प्रोग्रॅम शेजारी एक छोटी अनुक्रमणिका ठेवतो. फोल्डरच्याच नावाची, पुढे 'एमएसएफ' लावलेली ती फाइल. पडद्यावर तुम्हाला जी यादी दिसते ती या अनुक्रमणिकेवरून. लॅपटॉप अचानक बंद पडला, प्रोग्रॅम अडकला, की ही अनुक्रमणिका अर्धवट राहते आणि यादी रिकामी किंवा भलतीच दिसते. वही मात्र जागच्या जागी असते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं.

पुन्हा तसं झालं तर आधी फाइलचा आकार बघा. थंडरबर्डच्या 'हेल्प' मेनूतून 'ट्रबलशूटिंग'च्या माहितीवर गेलात की तिथे प्रोफाइल फोल्डर, म्हणजे प्रोग्रॅम तुमचे मेल आणि सेटिंग जिथे ठेवतो ते, उघडण्याचं बटण मिळतं. आत 'मेल' किंवा 'आयमॅपमेल' नावाचं फोल्डर आहे, त्यात तुमच्या खात्याचं, आणि त्यात 'इनबॉक्स' नावाची, पुढे काहीही न लावलेली फाइल. तिचा आकार ११ जीबीच्या आसपास असेल तर तुमचे मेल तिथेच आहेत. मग प्रोग्रॅममध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबायचं. अनुक्रमणिका नव्याने तयार होते. वेळ लागेल, लागू द्या. फाइलच गायब असेल किंवा एकदम लहान झाली असेल तर मात्र प्रोग्रॅम ताबडतोब बंद करा आणि अँटिव्हायरसची 'क्वारंटाइन' यादी उघडून बघा. एखाद्या जुन्या मेलला चिकटलेलं घातक अटॅचमेंट सापडलं की काही अँटिव्हायरस ज्या फाइलमध्ये ते सापडलं ती आख्खी फाइलच बाजूला काढतात, म्हणजे एका मेलपायी सगळा इनबॉक्स. तिथून ती परत आणता येते. तुम्ही धीर धरलात तर.

आता सहा हजार मेल पुसूनही जागा कशी वाढली ते. वहीच्या मधलं एक पान काढायचं तर पुढची सगळी पानं अलीकडे सरकवावी लागणार. प्रत्येक डिलीटला हे करत बसलं तर प्रोग्रॅमला दुसरं कामच उरणार नाही. म्हणून तो त्या मेलच्या डोक्यावर फक्त 'पुसला' अशी खूण करतो. मजकूर तसाच राहतो. शिवाय पुसलेला मेल ट्रॅशमध्ये जातो, आणि ट्रॅश हीसुद्धा एक वहीच आहे, म्हणजे तिथे त्याची नक्कल उतरवली जाते. तुमच्या सहा हजार मेलनी अशी दोन्हीकडे जागा धरून ठेवली आहे. खुणा केलेले मेल वगळून वही नव्याने लिहून काढायची, याला 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. त्याला वर्षानुवर्षं 'नाही' म्हटल्यामुळे त्या ११ जीबीत खरे मेल किती आणि पूर्वी पुसलेल्यांची अडगळ किती, हे सांगता यायचं नाही. कदाचित बरीच अडगळ असेल.

पण या 'नाही'ने तुमचा एक फायदाही करून ठेवला आहे. घाईघाईत तुमच्या हातून हवा असलेला एखादा मेल पुसला गेला असेल तर तो आज ट्रॅशमध्ये आहे. ट्रॅश रिकामी केली असेल तरी इनबॉक्सच्या फाइलमध्ये खुणेसकट पडून आहे, आणि या फाइलींची माहिती असलेला माणूस ती खूण काढून तो परत आणू शकतो. कॉम्पॅक्ट केलं की ही वाट बंद होते. म्हणून म्हटलं, आत्ता थांबा. ट्रॅश उघडा, त्यात वडिलांच्या पत्त्यावरून आलेलं काही आहे का ते आजच शोधा, आणि असेल तर ते परत इनबॉक्समध्ये न टाकता एक नवं फोल्डर करून त्यात ठेवा.

भाच्याचं 'सर्व्हरवर असतंच की' हे वाक्य मी फार लोकांकडून ऐकते, आणि तेच वाक्य लोकांना सगळ्यात जास्त रडवतं. असतं का, ते बघूनच ठरवा. ब्राउझरमधून तुमच्या मेलच्या खात्यात जा आणि तारखेने सर्वांत जुना मेल काढा. १४ वर्षांपूर्वीचा निघाला तर भाचा बरोबर. पण तुमचं खातं त्या काळचं आहे आणि सगळे मेल लॅपटॉपवरच्या खात्याच्या इनबॉक्समध्ये साठलेत, त्यावरून मला शंका आहे की ते 'पॉप' पद्धतीने जोडलेलं असेल. पॉप म्हणजे टपालपेटीतून पत्रं घरी आणायची आणि पेटी रिकामी करायची. सेटिंगप्रमाणे सर्व्हरवर एकतर काहीच मागे राहत नाही, किंवा राहिलं तरी बहुतेकदा ठरावीक दिवसांपुरतंच. खातं 'आयमॅप'ने जोडलेलं असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असतात आणि लॅपटॉपवर त्यांचं प्रतिबिंब. पण आयमॅपमध्ये इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. फोनवर पुसलं की लॅपटॉपवरूनही जातं. त्यामुळे तो बॅकअप नव्हे, एकच गोष्ट तीन खिडक्यांतून दिसते इतकंच. दोन्ही बाबतींत 'दोन वर्षांपूर्वीचं उडव' हा सल्ला मला पटत नाही. तो भाच्याने तुमच्या काळजीपोटीच दिलाय, पण बाबांचे सगळे मेल त्या रेषेच्या पलीकडे आहेत, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

मी हे इतकं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यावरचं मेलचं फोल्डर पेनड्राइव्हवर ओढलं. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, फोल्डर सहा जीबीचंही नाही. मध्येच एक चौकट आली, 'फाइल या डिस्कसाठी फार मोठी आहे'. जागा तर ढीगभर दिसत होती. मला वाटलं, काहीतरी किरकोळ अडलंय. मी 'स्किप' दाबलं. बाकीच्या शेकडो फाइली सुरसुर करत गेल्या, फोल्डर भरलेलं दिसलं, आणि त्याच संध्याकाळी मी जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून एका ओळखीच्या मुलीला देऊन टाकला. न गेलेली फाइल एकच होती, इनबॉक्स. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत कुठलीही एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, डिस्क कितीही मोठी असो. माझ्या आजारपणात एका मैत्रिणीने रोज रात्री चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्या सगळ्या त्यात होत्या. तिच्याकडेही त्या उरल्या नव्हत्या. त्या चौकटीवरची अक्षरं मला अजून दिसतात.

तेव्हा तुमची ११ जीबीची फाइल साध्या पेनड्राइव्हवर टाकायला जाल तर हेच होण्याची दाट शक्यता आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आणि ती लॅपटॉपला जोडल्यावर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' लिहिलेलं आहे ना, ते बघा. 'फॅट ३२' असेल आणि डिस्क रिकामी असेल तर ती आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा. नुसती खिडकी बंद केली तरी अडकलेला प्रोग्रॅम मागे चालू असू शकतो, म्हणून लॅपटॉप एकदा बंद करून चालू करा आणि थंडरबर्ड न उघडताच कामाला लागा. प्रोग्रॅम चालू असताना घेतलेली प्रत म्हणजे कोणी लिहीत असताना काढलेला वहीचा फोटो, शेवटची ओळ अर्धीच यायची. संपूर्ण प्रोफाइल फोल्डर उचला आणि डिस्कवर कॉपी करा. 'हलवा' नाही, 'कॉपी'. कुठलीही चौकट आली तर ती नीट वाचा. संपल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट पडताळा. आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत.

आणि प्रत उघडून बघा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा असते. सोपा उपाय असा: थंडरबर्ड बंद असताना बाहेरच्या डिस्कवरच्या त्या इनबॉक्स फाइलची आणखी एक नक्कल काढायची, तिला 'तपासणी' असं काही वेगळं नाव द्यायचं आणि ती प्रोफाइलमधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवायची. प्रोग्रॅम उघडला की डावीकडे 'तपासणी' नावाचं फोल्डर दिसेल. अनुक्रमणिका तयार व्हायला वेळ द्या. मग त्यातला सर्वांत जुना, एक मधला आणि एक कालचा मेल उघडा, एखादं अटॅचमेंट उघडा, बाबांचा एक मेल उघडा. दिसले? मग ते तपासणीचं फोल्डर काढून टाका. याच पद्धतीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. एमबॉक्सच्या फाइली उघड मजकुराच्या असतात, ज्याच्या हाती डिस्क पडेल त्याला त्या वाचता येतात, आणि प्रोफाइलमध्ये तुमचे साठवलेले पासवर्डही असतात. त्यामुळे बाहेर ठेवायच्या डिस्कला पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करून घेतलंत तर बरं, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवा.

इथपर्यंत आलात की तुमचे मेल सुरक्षित आहेत. पुढचं सगळं सोयीचं आहे, ते दोन महिने पुरवलंत तरी चालेल.

पर्याय बरेच आहेत. सगळं ब्राउझरमधल्या मेलवर न्यायचं, हा एक. तो वाईट नाही, पण मग जागेची मर्यादा दुसऱ्याच्या हातात जाते. नवा, मोठा लॅपटॉप घ्यायचा, हा दुसरा. त्याने प्रोग्रॅम थोडा पळेल, फाइल तीच राहील. मी तुम्हाला तिसरा सुचवेन. जे रोज बदलतं आणि जे आता कधीच बदलणार नाही, ते वेगळं करा. इनबॉक्सच्या फाइलमध्ये दिवसातून पन्नास वेळा काहीतरी लिहिलं जातं, आणि बिघाड जवळजवळ नेहमी लिहिताना होतो. त्या फाइलमध्ये दहा वर्षांपूर्वीचे मेल ठेवणं म्हणजे रोजच्या वापरातल्या पिशवीत घराची कागदपत्रं घेऊन फिरणं. तेच दहा वर्षांपूर्वीचं वर्ष स्वतःच्या फाइलमध्ये असेल तर तिला कोणी हात लावत नाही, आणि तिची प्रत एकदा काढली की काढली.

'लोकल फोल्डर्स'खाली प्रत्येक वर्षाच्या नावाचं फोल्डर करा. सर्वांत जुन्या वर्षापासून सुरू करा. इनबॉक्स तारखेने लावा, त्या वर्षातले पाचशे-हजार मेल निवडा, राइट क्लिक करून 'कॉपी टू'ने त्या फोल्डरमध्ये पाठवा. एका दमात चाळीस हजार निवडू नका, प्रोग्रॅम अडकेल आणि कुठपर्यंत गेलं ते कळणार नाही. वर्ष पूर्ण झालं की फोल्डरवर क्लिक करा, खालच्या पट्टीत एकूण मेलची संख्या दिसते. इनबॉक्समध्ये त्या वर्षाचे जितके निवडले होते तितकेच इथे आहेत ना? असतील तरच इनबॉक्समधले पुसा, आणि इथे शिफ्ट धरून डिलीट करा, म्हणजे ट्रॅशमध्ये पुन्हा नक्कल व्हायची नाही. शिफ्ट-डिलीट एरवी मी कोणाला सुचवत नाही. आज तुमच्या दोन प्रती बाहेर आहेत म्हणून सांगते. थंडरबर्डमध्ये आर्काइव्हची सोयही आहे, मेल निवडून इंग्रजी 'ए'ची कळ दाबली की तो वर्षवार फोल्डरमध्ये जातो. पुढे रोजच्या कामात ती जरूर वापरा. आधीच अडकणाऱ्या ११ जीबीवर मात्र मी हातानेच काम करीन.

आठवड्याला दोन वर्षं हातावेगळी केलीत तरी दोन महिन्यांत इनबॉक्समध्ये चालू वर्षच उरेल. ट्रॅशमधलं हवं ते बाजूला काढून ती रिकामी करा, आणि मग त्या प्रश्नाला 'हो' म्हणा. कॉम्पॅक्ट करताना आधी नवी फाइल लिहिली जाते आणि मग जुनी जाते, म्हणून डिस्कवर निदान त्या फाइलएवढी मोकळी जागा ठेवा, चार्जर लावा, आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करा. पहिल्या वेळी बराच वेळ लागेल. नंतर इनबॉक्स लहान राहिला की ते काही क्षणांचं काम होतं.

आकाराबद्दल एक गोष्ट थोडी सविस्तर सांगते, तुमच्या कामात ती फार लागू आहे. मेल ही मुळात साध्या अक्षरांची वाट आहे. तिच्यातून फोटो किंवा पीडीएफ पाठवायचा तर त्याला अक्षरांचं रूप द्यावं लागतं. या रूपांतरात मूळच्या दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, म्हणजे अटॅचमेंट मेलमध्ये निदान एक तृतीयांशाने फुगतं. १५ एमबीचा मसुदा इनबॉक्समध्ये २० एमबीहून जास्त जागा घेतो. आणि अनुवादाचा मसुदा एकदाच कुठे जातो? तो येतो, दुरुस्त होऊन जातो, पुन्हा येतो, आणि प्रत्येक फेरीची प्रत कुठल्या ना कुठल्या फोल्डरमध्ये बसते. वर्षवार फोल्डर झाले की एकेक फोल्डर आकाराने लावून बघा. वरचे थोडे मेलच बहुतेक जागा खात असतात. त्यातल्या मसुद्यांची शेवटची प्रत तुमच्या कामाच्या फोल्डरमध्ये असेल तर मधल्या फेऱ्यांची अटॅचमेंट काढायला हरकत नाही. अटॅचमेंटवर राइट क्लिक करून 'डिटॅच' केलं की ते डिस्कवर साठवलं जातं आणि मेलमध्ये त्याचा पत्ता उरतो. पुढे ती फाइल दुसरीकडे हलवली की पत्ता चुकतो, एवढं ध्यानात ठेवा. करार, पावत्या, पैशांबद्दलची बोलणी यांना हात लावू नका. कोणी, कधी, काय पाठवलं हे मेल आणि अटॅचमेंट एकत्र असतानाच सिद्ध होतं.

हे पत्र वाचून ज्यांना आपला इनबॉक्स आठवला असेल त्यांच्यासाठी थोडं. आउटलुक वापरणाऱ्यांचे मेल 'पीएसटी' फाइलमध्ये असू शकतात. आउटलुक २००२पर्यंतच्या जुन्या पद्धतीच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी व्हायची. २००३पासूनच्या नव्या पद्धतीत ती आधी २० जीबी, मग २०१०च्या आवृत्तीपासून ५० जीबी झाली. पण जुनी फाइल नव्या आउटलुकमध्ये उघडली म्हणून ती आपोआप नव्या पद्धतीची होत नाही. नवी फाइल करून त्यात मेल हलवावे लागतात. पीएसटी नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरून उघडून वापरू नका, मायक्रोसॉफ्टही त्याला नकोच म्हणतं. आणि कॉम्प्युटर बदलताना 'आर्काइव्ह' नावाची वेगळी पीएसटी कुठे पडून आहे का, ते शोधा. आउटलुकने जुने मेल त्यात आपण होऊन हलवलेले असतात आणि लोक ती मागेच सोडून येतात.

जीमेलवाल्यांचा घोर वेगळा. तिथली मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून आहे, त्यामुळे बऱ्याचदा मेल नव्हे, फोटोच ती भरतात. जागा संपली की नवे मेल येत नाहीत, आणि ते परत गेल्याचा निरोप पाठवणाऱ्याला मिळतो, तुम्हाला नाही. तुम्हाला वाटतं, कोणी लिहिलंच नाही. मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलं तर साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. शोधाच्या चौकटीच्या टोकाला असलेल्या खुणेवर क्लिक केलं की आकाराची अट टाकता येते. १० एमबीपेक्षा मोठे मेल काढा, बघा, मग ठरवा. पुसलेले मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तोवर जागाही धरतात. काहीही पुसण्याआधी गूगलच्या 'टेकआउट' सोयीने सगळ्या मेलची प्रत उतरवून घ्या. तीसुद्धा एमबॉक्सच असते, थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये आणून वाचता येते.

आता बाबांचे मेल. ते मी बाकीच्या ढिगाऱ्यात मोजतच नाही. वर्षवार फोल्डरांच्या आधी, पहिली प्रत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या नावाचं एक फोल्डर करा. त्यांच्या पत्त्यावरून आलेले आणि तुम्ही त्यांना पाठवलेले, दोन्ही शोधून त्यात कॉपी करा. 'सेंट'मधले विसरू नका, नाहीतर त्यांची उत्तरं राहतील आणि तुमचे प्रश्न जातील. मग ते सगळे निवडून 'सेव्ह अ‍ॅज'ने डिस्कवर उतरवा. प्रत्येक मेलची एक 'ईएमएल' फाइल तयार होते, अटॅचमेंटसकट. ती साध्या मजकुराची असल्यामुळे उद्या थंडरबर्ड नसलं तरी दुसरा प्रोग्रॅम ती उघडेल, आणि एक फाइल बिघडली तर एकच मेल बिघडेल, सगळे नाहीत. हे छोटंसं फोल्डर पेनड्राइव्हवर सुखाने मावेल. भावंडं असतील तर त्यांनाही द्या. त्यांच्याकडचे बाबांचे मेल मागून घ्या, कदाचित तुमच्याकडे नसलेलं काही त्यांच्याकडे असेल. आवडते चार-दोन कागदावर छापून ठेवायलाही माझी काही हरकत नाही.

भाच्याला मात्र बोलवाच. त्याने पहिल्या दिवशी डिस्क तपासावी, प्रोफाइल फोल्डर शोधून द्यावं, आणि कॉपी झाल्यावर एकाने लॅपटॉपवरचा आकडा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने बाहेरच्या डिस्कवरचा. आकडे जुळले की मला कळवा. जुळले नाहीत तरी कळवा, आणि तोवर लॅपटॉपवरचं काहीही हलवू नका.